बाण फिरालाय, बाई बोलालीय

...अवो सोपं हाय, सोपं हाय, असं म्हणणाऱ्याचं काय जातंय! तुमास्नी सांगतो, गेलं दोन-अडीच महिने मी नुसतं ऐकून घ्यालोय, आन् ऐकवणारी बाई अशी की तिला मधीच हात करून 'अवो बाई, आता कुठं दाबलासा ते जरा परत दावा की' म्हणायची सोय न्हाय. व्हिडिओतली बाई ती! तिला तोंड बी न्हाय. नुसता आवाज. आन् त्या आवाजाबरोबर पडद्यावर एक बारका पांढरा बाण... हिकडं आला, तिकडं गेला, वर चढला, खाली घसरला, कायतर निळं उघडलं, कायतर हिरवं झाकलं, आन् बाई म्हणाली, 'अँड दॅट्स इट!' झालं म्हणं! काय झालं? कुणाचं झालं? मी चष्मा पुसून डोळ्याला लावस्तवर तिचं झालं बी! बाण फिरालाय, बाई बोलालीय, आन् आमी बघालोय!

तर मी परसू. बेळगुंदीचा. बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात स्टोअरकीपर हाय, एकतीस वर्सं झाली. आमच्यात पंपाचे व्हॉल्व बनतात. मी बनवत न्हाय, मी ठेवतो. आमच्या घरात माझा सोताचा टॉवेल कुठं वाळत घातलाय ते मला म्हायती नसतंय, पर चार इंची व्हॉल्वचे वायसर तिसऱ्या रॅकच्या खालच्या खणात डाव्या अंगाला हायेत, हे मला तापानं फणफणलो असताना बी विचारा. सांगतो. आन् स्टोअरला आमी पाच जण. पाचच! एक मी. एक भरमू आप्पा, हत्यारं देणं-घेणं बघतोय, पुढच्या साली रिटायर. एक बाळाबाई, पॅकिंगला, तिला आमी बाळाक्का म्हणतो. एक शामू, माल गेटपतोर पोचवणारा, चाळिशीचा गडी हाय पर अजून पळत जातोय. आन् एक रचना, वडगावची, घरात साड्यांचे माग हायेत, ही कंप्युटरवर चलनं काढती. आता ह्या पाच जणांच्या मधी भिंत न्हाय, पडदा न्हाय, काय न्हाय. मी 'शामूऽऽ' म्हटलं की शामू 'ओ आण्णा' म्हणतोय आन् काम होतंय. एकतीस वर्सं असंच होत आलंय.

पर गेल्या साली कारखाना बेंगळूरवाल्यांनी घेतला, आन् त्येनी येऊन आमास्नी बघितलं आन् त्येंच्या ध्यानात आलं की ह्या लोकांच्यात कोलॅबोरेशन न्हाय! कोलॅबोरेशन म्हंजे काय? तर मिळून काम करणं. घ्या! भात लावणीला एका वळीत चाळीस माणसं वाकून लावणारी आमी, आमच्यात मिळून काम करणं न्हाय! मग त्येनी एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात एक फळा, फळ्यावर कार्डं, कार्डावर कुणाचं काम ते नाव, आन् काम झालं की कार्ड ह्या खणातनं त्या खणात ढकलायचं. आन् हाक मारायची न्हाय. मेसेज टाकायचा! चार फुटावर शामू बसलाय, रचना त्येला मेसेज टाकती, टिकटिकटिकटिक, आन् मग तिथनंच वरडती, "शामूकाका, टाकलंय बघा!"

"काय टाकलैस गं?"

"चार इंची दोन काढा म्हणून टाकलंय."

"मग असंच सांगायचं की!"

"असं सांगायचं न्हाय काका आता. टाकायचं असतंय."

म्हंजे आदी एकदा वरडत होतो, आता टाईप करून वरडतोय.

आन् हे शिकवायला कोण? प्रियदर्शनी मॅडम. एचआरच्या. बेंगळूरास्नं आल्या एक दिवस. बाई चांगली, उगं कशाला खोटं बोलू, बोलणं गोड, चहा दिला तर कप धुवून ठेवला. पर मी म्हटलं, "मॅडम, तुमीच दोन दिस हितं बसा आन् हाताला धरून दावा की." तर काय म्हणाल्या? (मान अशी करून) "नो नो नो, क्लासरूम इल्ल, टीचर इल्ल, ऑल वीडियोज! तुंबा ईझी इदे, वीडियो नोडि, अष्टे!" म्हंजे वर्ग न्हाय, मास्तर न्हाय, लई सोपं हाय, व्हिडिओ बघा, झालं. वीस व्हिडिओ. "ॲट युवर ओन पेस!" भरमू आप्पानं माझ्या कानाला लागून इचारलं, "काय म्हणाली रं?" म्हटलं, "आप्पा, आपापल्या चालीनं शिका म्हणत्यात." तवर मॅडमनी पुढलं वाक्य टाकलं, शनिवारच्या आत सगळ्यांचं शंभर टक्के हिरवं झालं पायजे. आप्पा म्हणाला, "ही कुणाची चाल म्हणायची रं?"

आन् हसायचं हितं संपलं बघा. कारण मॅडमनी बॅगेची चेन लावता लावता, अगदी 'येते हं' म्हणावं तसं सांगितलं, सोमवारी मोठे साहेब सोता ऑनलाईन बघणार, आन् बेळगावच्या स्टोअरला जर हे जमलं न्हाय, तर स्टोअर, डिस्पॅच, सगळं हुबळीच्या गोडाऊनला हलवायचं ठरलंय. माणसांसकट.

हुबळी! जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर! माझं जाऊ द्या, मी काय, खोली घेऊन ऱ्हाईन, भात उकडून खाईन, बायको लावणीचं बघंल. पर बाळाक्का? तिचा मालक तीन वर्सं अंथरुणावर हाय. एक अंग गेलंय त्येचं. रोज दुपारच्या सुट्टीत ही बाई मजगावला घरी पळत जाती, त्येला चार घास घालती, कूस बदलती, आन् घंटा व्हायच्या आत परत टेपची पट्टी हातात. हिनं हुबळीस्नं कसं यायचं दुपारच्याला? मॅडम गेल्यावर बाळाक्का कामाला लागली. खोक्याला टेप लावत ऱ्हायली. एकाच खोक्याला चारदा लावली. मला लई राग आला, तुमास्नी खरं सांगतो, आन् कुणावर काढायचा तेच कळंना.

म्हणून बसलो व्हिडिओ बघायला. शपथेवर सांगतो, मन लावून बसलो! पयला व्हिडिओ. 'हाय देअर! वेलकम!' त्यात एक जोश आन् एक अमांडा. ही दोघं एका हापिसात हायेत आन् त्येंचं काम काय? तर सहल काढणं! जोश कार्ड करतोय, 'केक'. अमांडा त्येला अंगठा दावती. मग अमांडा कार्ड करती, 'फुगे'. जोश तिला हसरं तोंड पाठवतोय. अवो भांडत न्हाईत, तंडत न्हाईत, 'मी कालच सांगितलंतं' म्हणत न्हाईत, गेटवर ट्रक थांबून ड्रायव्हर शिव्या देत न्हाय, कसलं हापिस ते? आमच्यात गंजलेला नट निघंना म्हणून चार माणसं घाम गाळालीत, तिथं जोशनं केकचं कार्ड कुठल्या खणात टाकलं हे बघून आमी काय शिकायचं? बाण फिरालाय, बाई बोलालीय, आन् आमी बघालोय!

बरं, इंग्लिश कळंना म्हणून रचनानं सांगितलं, आण्णा, खाली भाषा बदलता येती. कन्नड लावलं, तर अक्षरं अशी पळाली की पयला शब्द वाचस्तवर बाई दुसऱ्या पानावर. मराठी लावलं, तर बाई गेली आन् कुठला तर मशिनीचा गडी बोलाय लागला, 'कृपया आपल्या सहकाऱ्यास उल्लेखित करा.' उल्लेखित! एकतीस वर्सांत मी शामूला लई काय काय केलंय, उल्लेखित कवा केलेलं न्हाय!

आन् ह्येच्यावर कडी म्हंजे, व्हिडिओत जे दिसतंय ते आमच्या पडद्यावर न्हायच! बाई म्हणतीय, 'उजव्या कोपऱ्यात निळं बटन दाबा.' आमच्या उजव्या कोपऱ्यात काय न्हाय. पांढरं फटक. मॅडमला फोन केला, तर म्हणाल्या, "हां हां, अपडेट आयतु, बटन शिफ्ट आगिदे." बटन हलवलं म्हणं! व्हिडिओ जुना, बटन नवं! म्हंजे तिकडं अमेरिकेत कुणाला तर सकाळी वाटलं, चला आज बटन डावीकडं नेऊ, आन् हिकडं उद्यमबागेत परसू दुपारपतोर कोपरा चाचपालाय! त्यात लाईट गेली. अडुसष्ट टक्क्यावर गेली. आली तवा? शून्य टक्के. 'हाय देअर! वेलकम बॅक!'

घरी नेला मग फोन. म्हटलं घरात निवांत बघू. पडवीत बसलो, लावला, 'हाय देअर, वेलकम बॅक!' चंपाबाई, आमची मंडळी, चुलीपुढनं बाहीर आली. "कोण ही?"

"अगं, शिकवणारी हाय."

"रोज हीच हाय?"

"हीच."

"आन् रोज परत आलासा म्हणून हिला इतकं कशाचं कौतिक?"

आता हिला काय सांगू! वर म्हणती कशी, "तुमास्नीच कळंना झालंय, व्हिडिओ बघून काय बी येतंय. मी ढोकळा न्हाय का केला?" केलता. तो ढोकळा मी खाल्लेला हाय. म्हणून तर मला कळतंय की व्हिडिओ बघून काय येतंय आन् किती येतंय.

गुरुवार उजाडला. पाच जणांचं मिळून किती झालंतं? सात टक्के. त्यातलं पाच रचनाचं. मी डोसक्याला हात लावून बसलो. मॅडमचा मेसेज, 'टू डेज मोअर!' आन् फुढं तीन फुगे. आन् मग बाळाक्का बोलली. चार दिसांनी पयल्यांदा. खोक्याला दोरी आवळता आवळता म्हणाली, "आण्णा, रताळ्याचं वेल लावताना तुमी एकटंच लावतासा काय वो?"

म्हटलं, "एकटं कसं लावंन? पैरा असतोय. आज माझ्या रानात सगळी, उद्या दुसऱ्याच्या रानात मी."

"मग ह्येचा बी पैरा करूया की!"

तुमास्नी सांगतो, मी तिथंच कागद-पेन्सिल घेतली. कारण हे इतकं सरळ होतं! वीस व्हिडिओ, पाच माणसं. प्रत्येकानं चार-चार बघायचे. पर बघायचे सगळ्यांच्या वतीनं! पाचीजणांचे फोन पॅकिंगच्या टेबलावर वळीनं मांडायचे, पाचीवर एकच व्हिडिओ एकदम लावायचा, एक माणूस राखणीला बसवायचा, बाकीच्या चौघांनी आपापली कामं करायची. एका व्हिडिओला वीस मिंटं. एका पाळीत खेळ खलास!

शुक्रवारी सकाळी सुरू. पयल्यांदा रचना बसली. पाच फोनांतनं पाच बाया, जरा जरा मागं-फुढं, 'हाय देअर' 'आय देअर' 'देअर' 'एअर'... आमच्या गावच्या आरतीत शेवटचा माणूस एक कडवं मागं असतोय, तसं! दर पाच मिंटांनी फोन इचारतोय, 'तुमी अजून बघालासा न्हवं?' की रचना दाबती, बघालोय, बघालोय, बघालोय, बघालोय, बघालोय. पाच वेळा. मग शामू. मग बाळाक्का, तिनं तर तव्यावरच्या भाकरीगत फोन सांभाळले, एक बी बंद पडू दिला न्हाय. मग भरमू आप्पा. शेवटच्या चारला मी. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. जेवण झालंतं, शेडच्या पत्र्यावर ऊन तापलंतं, बाया पाचीच्या पाची बोलालत्या... बघितले मी. बघितले म्हंजे, बघितले.

पाळीची घंटा झाली आन् पाची फोन हिरवे! सर्टिफिकेट आलं राव, पाच, रंगीत, वर करंडकाचं चित्र. 'कोलॅबोरेशन चॅम्पियन'! भरमू आप्पाला आयुष्यात पयलं सर्टिफिकेट मिळालं, त्येनं त्येची प्रिंट काढून घरी न्हेली. मॅडमचा फोन, "परसू! सूपर! बेळगाव फर्स्ट!" बाळाक्का हसली. लई दिसांनी हसली.

आन् शनिवारी सकाळी मी बोटं मोजाय बसलो. हिशोब घातला. आमास्नी आलंय काय? रचनाला कार्ड करता येतंय. शामूला त्या कार्डाला फोटो डकवता येतोय. बाळाक्काला माणसाचं नाव जोडता येतंय. भरमू आप्पाला रंग बदलता येतोय आन् आवाज बंद करता येतोय. म्हंजे एकट्या माणसाला एक आखं काम येत न्हाय! पाच जणांत मिळून एक माणूस तयार झालाय.

सोमवार. दहाचा टायम. आन् नशीब बघा, त्याच दिशी सदलग्याकडनं एका पाणी सोसायटीचा माणूस पिकअप घेऊन सकाळपास्नं गेटवर हुभा. त्येंचा व्हॉल्व गेलता, आठ दिस पाणी बंद, ऊस वाळालाय. साहेब म्हणाले, "गुड! रिअल ऑर्डर! हीच सिस्टीममधनं करून दाखवा. ओन्ली परसू विल डू." एकटा परसू करणार! कॅमेरा बंद ठेवा म्हणाले, नेट ओढत न्हाय. आमी मनात म्हटलं, देवाला काळजी.

तर खुर्चीत मी, माझ्या डाव्या अंगाला रचना, उजव्या अंगाला बाळाक्का, पाठीमागं शामू आन् माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून भरमू आप्पा. पयली चाळीस मिंटं मॅडमचा आवाजच आला न्हाय, मग आला, मग आमचा गेला, साहेब मधी दोनदा दुसऱ्या मीटिंगला जाऊन आले. मग एकदाचं सुरू झालं. रचनानं हात घातला, कार्ड तयार! शामू वाकला, व्हॉल्वचा फोटो डकवला! बाळाक्कानं एका बोटानं माझं नाव जोडलं! भरमू आप्पानं, कुणी सांगितलं नसताना, कार्डाला जांभळा रंग दिला! कीबोर्ड ह्या हातातनं त्या हातात, एक शब्द न्हाय, एक धक्का न्हाय. तिकडं बेंगळूरात काय दिसतंय? नुसता बाण! साहेब म्हणतात, "व्हेरी फास्ट, परसू!" अवो आठवडाभर आमी ज्येच्याकडं बघितलं, तो बाण आता आमचा! बाण आमचा फिरालाय, साहेब बोलालेत, आन् बघालेत बी त्येनीच!

आन् मग साहेब म्हणाले, "गुड. नाऊ अप्रूव्ह अँड क्लोज." म्हंजे काम पुरं झालं म्हणून कार्ड बंद करा.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

एकोणीस नंबर. माझ्या वाट्याचा.

आता तुमच्यापास्नं काय लपवायचं? अवो जेवण झालंतं, पत्रा तापलाता, आन् पाच बाया एका सुरात अंगाई म्हणाल्यागत... लागला डोळा! अठराव्याच्या शेवटाला लागला तो एकोणिसावा संपताना उघडला; मधी फोननं इचारलं की बोट झोपेतच 'बघालोय' दाबत होतं. दर व्हिडिओच्या शेवटी असतोय तसा एकोणिसाव्याचा प्रश्न आला तवा मी पाची फोनवर तिसरं उत्तर दाबलं, आन् पाची बरोबर आली! मी म्हटलं, देव हाय. देव न्हवता, बेंगळूर होतं, कुठलं बी दाबलं तरी बरोबर दावणारं.

रचनानं पाय मारला मला टेबलाखालनं. मी तीन टिंबं होती ती दाबली. कार्ड गेलं! परत आलं. कायतर चौकट दिसली, ती दाबली, तर पडद्यावर रंगीबेरंगी कागद पडायला लागले, लग्नात उडवल्यागत! साहेब म्हणाले, "व्हाट इज धिस?" मी म्हटलं, "कामाचा आनंद, साहेब." रचनानं हळूच तिच्या फोनवर एकोणिसावा व्हिडिओ लावला, आवाज बारीक करून. बाई म्हणती, 'वरच्या हिरव्या बटनावर जा.' आमच्याकडं हिरवं बटन न्हाय. हलवलंय! हातातला घाम माऊसवर, माऊस निसटालाय, तिकडं साहेब, हिकडं मॅडम, "परसू, जस्ट क्लोज माडि!" बंद करा म्हणं, बंद करा! आन् फोनात बाण फिरालाय, बाई बोलालीय, आन् आमी बघालोय!

ह्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं न्हाय की शामू मगाशीच पाठीमागनं निसटलाता. फोटो डकवून त्येचं काम संपलंतं न्हवं! गेटवरच्या माणसाचं तोंड बघून त्येला ऱ्हावलं न्हाय. व्हॉल्व उचलला, पिकअपमधी टाकला, जुन्या चलन बुकावर सही घेतली, "जा बाबा, पाणी सोड." तो माणूस गेला बी.

दोन वाजता माझा फोन वाजला; साहेब जेवून आलते, मी अजून तेच कार्ड दाबालतो. टेबलावर होता, स्पीकर चालू. सदलग्याचा माणूस, वाऱ्यात हुभा ऱ्हाऊन वरडालाय, "आण्णाऽऽ! बसवला! पाणी आलं! उसात पाणी शिरलं आण्णाऽऽ!"

बेंगळूरानं बी ऐकलं. मग साहेब, "व्हाट इज ही सेयिंग?" मॅडमनी सांगितलं. मी म्हटलं, चला, वाचलो! माल पोचला, पाणी आलं, आता कुठला डेमो ऱ्हायला? तर साहेब काय म्हणावेत! "बट हिअर इट ईज पेंडिंग." मॅडम म्हणाल्या, "परसू, व्हॉल्व होगिल्ल." म्हंजे व्हॉल्व गेला न्हाय. म्हटलं, "मॅडम, गेला की! पाणी आलंय!" "सिस्टीमल्ली होगिल्ल अंद्रे, होगिल्ल!" सिस्टीममधी गेलेला न्हाय, म्हंजे गेलेला न्हाय! तिकडं पाटाला पाणी खळाळालंय, ह्येंच्या फळ्यावर व्हॉल्व अजून माझ्या रॅकमधी बसलाय!

नापास. सगळे नापास. मंगळवारी पत्र आलं, महिन्याच्या आत स्टोअर हुबळीला. मी मोठ्यानं वाचून दावलं. बाळाक्का म्हणाली, "बरं." एवढंच. आन् उठून मजगावला गेली, सुट्टीचा टायम झालता. मला सोताची इतकी लाज वाटली की सांगता सोय न्हाय. एका डुलकीपायी!

पर गंमत ऐका. स्टोअर हलवायचं म्हंजे काय नुसतं ट्रक लावून हलवायचं न्हाय. आता सगळं सिस्टीममधनं! बेंगळूरवाल्यांनी 'बेळगाव'चं 'हुबळी' करायला बटन दाबलं, तर लाल पट्टी आली, 'या ठिकाणी एक काम बाकी आहे. ते पूर्ण झाल्याशिवाय ठिकाण बदलता येणार नाही.' कुठलं काम? सदलग्याचा व्हॉल्व! जांभळं कार्ड! आन् कुणाच्या नावावर? परसूच्या. दुसऱ्या कुणाला बंद करता येत न्हाय. नाव बदलायला त्येनी एक दिवस झटले, दोन दिवस झटले, मॅडम झटल्या, मोठे साहेब सोता झटले. कार्ड हलंना. तुमी म्हणाल, इतकी शिकलेली माणसं, त्येंना कसं येत न्हाय? अवो, त्येनी बी व्हिडिओ बघूनच पास झालेत!

मग ठरलं काय, परसूला परत शिकवा. नवे बारा व्हिडिओ आले माझ्या एकट्याच्या फोनवर, 'राहिलेली कामं कशी बंद करावीत.' महिना उलटला, दुसरा उलटला. ट्रक आला न्हाय. रॅक हाय तिथं हाय, बाळाक्का दुपारचं मजगावला जाऊन येतीया. परवा प्रियदर्शनी मॅडमचा फोन आलता, आवाज पयल्यासारखा गोड न्हवता. "परसू, किती झालं?"

म्हटलं, "तीन टक्के झालंय, मॅडम."

"दोन महिन्यांत तीन टक्के?"

काय सांगणार? म्हटलं, "मॅडम, गेल्या खेपेला घाई केली, म्हणून तर नापास झालो."